दिवा ज्याच्या घरी, बिल त्याच्या नावे

(शहरी वस्त्यांमधील ऊर्जेचा प्रश्न या विषयावर पुण्यात सेवाकार्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा हा संपादित भाग. वक्ते वीज वितरणाच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम करून निवृत्त झालेले अभियंते आहेत.)



आजच्या विषयाला आकडेवारीपासून आरंभ करण्याचा मोह आम्हा अभियंत्यांना नेहमीच होतो. तो आवरून मी एका प्रसंगापासून सुरुवात करतो. निवृत्तीनंतर एका कार्यकर्त्याबरोबर मी नदीकाठच्या एका वस्तीत गेलो होतो. दिवेलागणीची वेळ होती. दहा बाय बाराची पत्र्याची खोली, तिच्यात एक ट्यूब, एक पंखा आणि एक शिलाई यंत्र. साड्यांना फॉल-बिडिंग करून संसार चालवणारी एक भगिनी तेथे भाड्याने राहत होती. ट्यूबचे इतके, पंख्याचे इतके आणि यंत्राच्या मोटरचे इतके, असा 'पॉइंट'प्रमाणे विजेचा आकार ती दरमहा घरमालकाला देत होती. मी खिशातून कागद काढून हिशेब केला. माझ्या स्वतःच्या सदनिकेत मी एका युनिटला जितके पैसे मोजतो, त्याहून बरेच अधिक ती मोजत होती. सरकारकडून काय अपेक्षा आहे, असे मी तिला विचारले. वीज फुकट मिळावी, असे काहीतरी ती म्हणेल, अशी माझी कल्पना होती. ती म्हणाली, "साहेब, फुकट काही नको. माझ्या नावाचं बिल येऊ द्या. जेवढं जाळीन तेवढं भरीन."

मी जवळजवळ सारे आयुष्य वीज वितरणात काढले. परंतु या प्रश्नाचे सार इतक्या थोड्या शब्दांत मला कोणत्याही अहवालात वाचायला मिळाले नव्हते. माझे आजचे सारे विवेचन म्हणजे त्या भगिनीच्या दोन वाक्यांचे भाष्य आहे, असे समजावे.

विजेचे ऋण

मुंबईत वीज आली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी अडवून टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू केले, त्यानंतर भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे उभी राहिली. त्यांतील भिऱ्यासाठी मुळशीचे धरण बांधले गेले आणि मावळातील गावे पाण्याखाली गेली. त्या गावांसाठी १९२१ मध्ये सुरू झालेला मुळशी सत्याग्रह आणि सेनापती बापटांनी त्यासाठी सोसलेला कारावास आपणा सर्वांना ज्ञात आहे. स्वातंत्र्यानंतर कोयना झाले. त्या धरणाने महाराष्ट्राला उजेड दिला, आणि त्या खोऱ्यातील अनेक कुटुंबे पोटापाण्यासाठी मुंबईची वाट चालू लागली.

ज्यांच्या भूमीवर धरणे उभी राहिली, ज्यांच्या श्रमांवर गिरण्या, गोद्या आणि इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्यातील कितीतरी जणांना शहराने निवारा दिला तो झोपडपट्टीत. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील साडेसहा कोटी लोक अशा वस्त्यांत राहत होते. बृहन्मुंबईत तर हे प्रमाण लोकसंख्येच्या चाळीस टक्क्यांहून अधिक होते. शहराचा इतका मोठा भाग उजेडाच्या बाबतीत परावलंबी असेल, तर तो केवळ त्या वस्तीचा प्रश्न राहत नाही. तो साऱ्या समाजाचा प्रश्न होतो.

तार पोहोचली, नाव पोहोचले नाही

याच जनगणनेत आणखी एक आकडा आहे. झोपडपट्ट्यांतील नव्वद टक्के कुटुंबांनी प्रकाशाचे मुख्य साधन म्हणून विजेची नोंद केली होती. तो वाचून प्रश्न सुटला, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु घरात वीज आहे काय, एवढेच जनगणना विचारते. ती कोणाच्या नावावर आहे, कोणत्या दराने मिळते, सुरक्षित आहे काय, हे त्या रकान्यात बसत नाही. खरा प्रश्न नेमका तेथेच आहे.

वस्तीत वीज तीन वाटांनी येते. पहिली वाट म्हणजे रीतसर जोडणी. मुंबईसारख्या शहरात अशी मीटर असलेली घरे मोठ्या संख्येने आहेत, हे मान्य केले पाहिजे. दुसरी वाट आकड्याची. रात्री तारेवर आकडा टाकायचा आणि पथक येण्याआधी काढायचा. तिसरी वाट मध्यस्थाची. एखाद्याच्या नावाने मीटर असते, तो त्यातून दहा घरांना वायर ओढून देतो आणि मन मानेल तो आकार घेतो. भाडेकरू, नव्याने आलेले स्थलांतरित, आणि निश्चित केलेल्या तारखेचा पुरावा नसल्यामुळे 'अपात्र' ठरलेली कुटुंबे बहुधा या तिसऱ्या वाटेवर असतात.

या वाटेचा आर्थिक परिणाम पाहा. महावितरणच्या घरगुती दरात वापराप्रमाणे टप्पे आहेत. पहिली शंभर युनिटे स्वस्त, त्यानंतर तीनशेपर्यंत महाग, पुढे आणखी महाग. कमी वापरणाऱ्या गरिबाला दिलासा मिळावा, हा त्यामागील हेतू. २०२४-२५ च्या दरपत्रकात दुसऱ्या टप्प्याचा युनिटचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट होता. आता प्रत्येकी ऐंशी युनिटे वापरणारी चार कुटुंबे एकाच मीटरवर आहेत, अशी कल्पना करा. एकूण वापर झाला ३२० युनिटे. चार मीटर असते तर ही सारीच्या सारी युनिटे स्वस्त टप्प्यात बसली असती. एकच मीटर असल्यामुळे केवळ शंभर युनिटे तेथे बसतात आणि उरलेली २२० महागड्या टप्प्यांत जातात. चार मीटरांचा स्थिर आकार वेगवेगळा भरावा लागतो, हे खरे. परंतु तो वजा केला तरी तोटा त्या कुटुंबांचाच होतो, आणि त्यावर मध्यस्थाचा नफा चढतो तो निराळाच. गरिबासाठी योजलेली सवलत गरिबापर्यंत पोहोचत नाही, याचे कारण सवलत मीटरला मिळते आणि मीटर त्याच्या नावावर नसते.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट जिवाची. मध्यस्थाने ओढलेल्या वायरला ना योग्य जाडी, ना अर्थिंग, ना गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे उपकरण. पावसाळ्यात वायरचे वेष्टन घासून उघडे पडते आणि ओल्या पत्र्याच्या भिंतीत प्रवाह उतरतो. लहान मूल भिंतीला हात लावते. पुढचे सांगण्याची आवश्यकता नाही. आग लागली तर ती एका घरापुरती राहत नाही. कांदिवलीच्या दामूनगरात ७ डिसेंबर २०१५ रोजी लागलेल्या आगीत सिलिंडरांचे स्फोट होत गेले आणि शेकडो झोपड्या पाहता पाहता भस्मसात झाल्या.

काटकसरीचे फळ कोणाला?

वीज वाचवा, असे आपण सर्वांना सांगतो. त्या दृष्टीने देशात मोठे काम झालेही आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि पुढील वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजनेचा आरंभ झाला. एकत्रित खरेदीमुळे एलईडी दिव्याचा खरेदी दर २०१४ मधील सुमारे ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आला, आणि योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही तारांकन अनिवार्य करण्यात आले.

या साऱ्याचा वस्तीतील घराशी काय संबंध आहे? साधे गणित करू. साठ वॅटचा जुना बल्ब रोज सहा तास जळला तर महिन्याला सुमारे अकरा युनिटे लागतात. त्याच उजेडासाठी नऊ वॅटच्या एलईडीला दोन युनिटेही लागत नाहीत. पत्र्याच्या घरात पंखा अठरा तास फिरतो. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा महिन्याला चाळीस युनिटे घेतो, तर बीएलडीसी मोटरचा तीस वॅटचा पंखा सोळा. म्हणजे एक दिवा आणि एक पंखा बदलला की एकावन्न युनिटांचा वापर अठरावर येतो. सुविधा तीच, वीज एक तृतीयांश. नवे वीजकेंद्र उभारण्यापेक्षा ही वीज केव्हाही स्वस्त आहे.

मग वस्तीत असे पंखे का दिसत नाहीत? अज्ञानामुळे, असे उत्तर आपण घाईने देतो. ते खरे नाही. मी त्या भगिनीला पंखा बदलण्याचा सल्ला दिला, तेव्हा तिने मला विचारले, "पंखा बदलला तर मालक पंख्याचे पैसे कमी करतील का?" मी निरुत्तर झालो. पॉइंटप्रमाणे आकार देणाऱ्याने वीज वाचवली तर बचत मालकाच्या खिशात जाते. आकडा टाकणाऱ्याला तर बचतीचे कारणच नसते. काटकसर हा सद्गुण खरा, परंतु त्याचे फळ मिळण्यासाठी माणसाजवळ स्वतःचे मीटर असावे लागते. जिच्याजवळ ते आहे, तिला युनिटमागे सहा रुपये जरी पडत असले, तरी नव्या पंख्यासाठी मोजलेले जादा दीड हजार रुपये वर्षभरात वसूल होतात. आपण कार्यक्षमतेचा प्रचार करतो आणि हक्काच्या जोडणीकडे दुर्लक्ष करतो, तेव्हा उलट्या टोकाने चालत असतो.

कायदा काय सांगतो?

हक्काची जोडणी देण्यास कायद्याची आडकाठी आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. वीज अधिनियम २००३ चे कलम ४३ वाचा. जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केला असता एक महिन्याच्या आत पुरवठा देणे हे वितरण परवानाधारकाचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. मालक 'किंवा' भोगवटादार! या 'किंवा'मध्ये फार मोठे सामर्थ्य आहे. ग्राहक हक्कांविषयीच्या २०२० च्या नियमांनी ही मुदत कमी केली आणि २०२४ च्या दुरुस्तीने महानगरांत ती तीन दिवसांवर आणली. इतके असूनही अर्ज घेऊन गेलेल्या भाडेकरूला मालकाचे संमतिपत्र आण, असे सांगून परत पाठवले जाते. हे मी माझ्याच क्षेत्रातील सहकाऱ्यांविषयी बोलतो आहे आणि त्यात माझाही वाटा होता, हे कबूल करतो. नोकरीच्या काळात असे कागद मीही मागितले आहेत. नियमाच्या नावाखाली आम्ही सोय पाहिली ती आमची.

अहमदाबादचा धडा

हे कसे बदलता येते, याचे उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. अहमदाबादेत १९९५ पासून वस्ती सुधारणेचा 'परिवर्तन' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात महापालिकेने सहभागी वस्त्यांना दहा वर्षे हलवणार नाही, असे आश्वासन दिले. जमिनीची मालकी दिली नाही, निश्चिंतता दिली. २००१ च्या सुमारास तेथील वीज कंपनीने 'सेवा' आणि 'साथ' या संस्थांच्या साहाय्याने काही वस्त्यांत जोडणीचा पथदर्शी प्रयोग केला. अडचण मालकीच्या कागदाची होती. तोडगा असा निघाला की, महापालिकेने हरकत नसल्याचे कळवावे आणि रहिवाशाने वीजबिलाचा उपयोग जमिनीवरील हक्काचा पुरावा म्हणून करणार नाही, असे लिहून द्यावे. जोडणीचा खर्च हप्त्यांनी घेतला गेला. वस्तीतील भगिनींनीच घरोघरी जाऊन मीटर म्हणजे काय, बिल कसे वाचावे, हे समजावले. पुढे हा प्रयोग शहरात विस्तारला.

त्यातील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. जमिनीचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालतो, तो चालू द्या. परंतु वीज जमिनीला द्यायची नसते, ती माणसाला द्यायची असते. या दोन गोष्टींची गाठ सोडवली की मार्ग मोकळा होतो.

येथे एक आक्षेप घेतला जातो. अशाने अतिक्रमणाला उत्तेजन मिळेल, आणि प्रामाणिकपणे कर भरणाऱ्याने काय पाप केले आहे? आक्षेप गंभीर आहे, तो झटकून टाकता कामा नये. माझे उत्तर एवढेच की, त्या घरात वीज आजही जळते आहेच. आकड्याने गेलेल्या विजेची भरपाई अखेरीस दराच्या रूपाने प्रामाणिक ग्राहकच करतो. जोडणी नाकारल्याने अतिक्रमण थांबल्याचे मी पाहिलेले नाही, मात्र मध्यस्थाचे बस्तान बसल्याचे पाहिले आहे. अर्थात हक्काबरोबर कर्तव्यही येते. मीटर मिळाल्यावर आकडा निघाला पाहिजे आणि बिल वेळेवर भरले गेले पाहिजे. वीजचोरी हा तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे, हेही वस्तीत स्पष्टपणे सांगण्याचे धैर्य आपल्याजवळ हवे.

चूल आणि छप्पर

ऊर्जा म्हणजे केवळ वीज नव्हे. २०११ मध्ये वस्त्यांतील निम्म्याहून किंचितच अधिक घरांत गॅसवर स्वयंपाक होत होता. उरलेल्या घरांत रॉकेलचा स्टोव्ह आणि लाकूडफाटा होता. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने हे चित्र पुष्कळ पालटले. तिची आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, देण्यात आली. पण अडचण तेथेही कागदाचीच होती. परगावाहून आलेल्या मजुराजवळ शिधापत्रिका गावची, पत्ता शहराचा. म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला, तेव्हा स्थलांतरितांना शिधापत्रिका आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र पुरेसे ठरवण्यात आले. जे गॅसच्या बाबतीत करता आले, ते विजेच्या बाबतीत का करता येऊ नये?

दुसरी टाकी भरण्याचा प्रश्न मात्र उरतो. रोजंदारीवरच्या माणसाजवळ एकरकमी पैसे नसतात. अनुदानाची रक्कम ऑक्टोबर २०२३ मध्ये टाकीमागे ३०० रुपये करण्यात आली, त्याचा उपयोग झाला. पत्त्याच्या पुराव्याविना मिळणारी पाच किलोची लहान टाकीही अशा कुटुंबांना सोयीची आहे. पण ती मिळते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

आणि छप्पर. पत्र्याखालची उष्णता आपण अनुभवलेली नसते. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला आणि २०१७ मध्ये वस्त्यांतील छपरांना चुन्याची सफेदी देण्याचा उपक्रम हाती घेतला. पांढरे छप्पर ऊन परतवते आणि घरातील तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकते. जो पंखा गरम हवाच फिरवत होता, तो मग खरोखर वारा देतो. एक डबा चुना, एक कुंचला आणि एक रविवार, इतकाच त्याचा खर्च.

जुन्या वस्तीच्या जागी उंच इमारती उभ्या राहतात, तेव्हाही हे भान ठेवावे लागेल. काही पुनर्वसन इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या गेल्या की खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूब लावावी लागते. झोपडीतून निघालेले कुटुंब पक्क्या घरात येऊन अंधारात बसावे आणि वर उद्वाहनाचे व पंपाचे बिल भरावे, हे काही पुनर्वसन नव्हे.

आपण काय करावे?

आपल्यापैकी अनेकजण सेवावस्त्यांत अभ्यासिका चालवतात, आरोग्यकेंद्रे चालवतात. मी आपल्याजवळ चार कामे मागतो. पहिले, प्रत्येक वस्तीत स्वतःचे मीटर नसलेल्या घरांची यादी करावी आणि कलम ४३ चा आधार देऊन त्यांचे अर्ज भरून घ्यावेत. अर्ज नाकारला तर नकार लेखी मागावा. कागदावर नकार देताना अधिकारी दहादा विचार करतो, हे मी अनुभवाने सांगतो. दुसरे, वस्तीतील दोन-दोन तरुणांना वायरमनच्या प्रशिक्षणाला पाठवावे. आपल्या घरांची वायरिंग तपासून गळती ओळखणारे उपकरण बसवतील, असे हात वस्तीतच तयार व्हावेत. त्यांना रोजगार मिळेल आणि वस्तीला सुरक्षितता. तिसरे, बचत गटांमार्फत पंख्यासाठी हप्त्यांची सोय करावी, मात्र ती मीटर आल्यानंतर. हा क्रम चुकवू नये. चौथे, होळी झाली की उन्हाळ्यापूर्वी छपरे पांढरी करण्याचा एक दिवस ठरवावा आणि त्या दिवशी आपण स्वतः शिडीवर चढावे.

ही कामे लहान आहेत, त्यांची वार्ता वृत्तपत्रात येणार नाही. परंतु मी एक फळ पाहिले आहे, ते सांगून थांबतो. त्या भगिनीच्या अर्जासाठी आमच्या कार्यकर्त्याला कार्यालयात सात खेपा घालाव्या लागल्या. सातव्या खेपेनंतर मीटर आले. पहिले बिल आले त्या दिवशी तिने आम्हाला चहाला बोलावले. बिल फार मोठ्या रकमेचे नव्हते. तिने ते घडी न घालता भिंतीवर खिळ्याला अडकवून ठेवले होते. तिचा मुलगा चौथीत होता. त्याने आम्हाला ते मोठ्याने वाचून दाखवले. ग्राहकाचे नाव, या रकान्यापाशी तो थांबला, आणि आपल्या आईचे नाव त्याने दोनदा वाचले.

त्या मुलाच्या दृष्टीने त्या दिवशी त्याची आई या शहराची नागरिक झाली. दिवा तर त्या घरात आधीही होता. फरक पडला तो नावाचा. असे नाव ज्यांचे अद्याप लिहिले गेलेले नाही, अशी किती घरे आपल्या परिसरात आहेत, याचा शोध आपण उद्यापासून घ्यावा, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.